गोरेपणाची ट्यूब आणि एकोणिसाव्या वर्षाचा चेहरा

दरवर्षी तुळशीचे लग्न आटोपले की माझ्या दवाखान्यातील गर्दीचे रूप पालटते. पावसाळाभर येणारे गजकर्णाचे, पायाच्या चिखल्यांचे आणि फवारणीमुळे अंगावर उठलेल्या चट्ट्यांचे रुग्ण हळूहळू कमी होतात आणि त्यांच्या जागी, आईच्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या, अठरा ते बावीस वर्षांच्या मुली बाकावर दिसू लागतात. कापसाचे पहिले एक-दोन वेचे घरात आलेले असतात, हातात थोडा पैसा असतो आणि मुलगी पाहायला पाहुणे येण्याचे दिवस सुरू झालेले असतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी अकरा वर्षांपासून त्वचारोगांवर उपचार करीत आहे आणि या अकरा वर्षांत एकही लग्नसराई अशी गेली नाही, की ज्यात एखाद्या आईने माझ्याकडे मुलीला गोरे करून मागितले नाही.

गेल्या मार्गशीर्षात आलेल्या अशाच एका मायलेकींविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. मुलगी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. तिने दुपट्ट्याने चेहरा पूर्ण झाकलेला होता. आमच्या भागात उन्हासाठी सगळ्याच मुली दुपट्टा बांधतात, त्यामुळे त्यात वेगळे काही वाटले नाही, परंतु खोलीत येऊन बसल्यावरही तिने तो सोडला नाही, तेव्हा मी समजले. तिची आई म्हणाली, “मॅडम, दोन जागचे पाहुणे येऊन गेले. पोरगी सावळी हाय मनतात. आता तं तोंडच लाल झालं तिचं. तुमी कायी गोरं होयाचं इंजेक्शन देसान का?”

दुपट्टा सोडल्यावर दिसलेला चेहरा मी या वयाच्या मुलींत इतक्या वेळा पाहिला आहे, की निदानासाठी तपासणी करण्याची जवळजवळ गरज उरत नाही. दोन्ही गाल तांबडे, कातडी चकचकीत आणि पातळ, तिच्याखालून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसत असलेली, हनुवटीवर एकाच आकाराच्या पुटकुळ्या आणि कानाजवळ दाट झालेली लव. चुलीपुढे बसले की भाजल्यासारखे होते, उन्हात गेले की आग होते, आणि ट्यूब दोन दिवस लावली नाही की चेहरा सुजतो, असे तिने सांगितले. मी ट्यूब मागितली. आईने पिशवीतून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आणि शेवटपर्यंत पिळून चपटी केलेली, ती ट्यूब काढून टेबलावर ठेवली. थोरल्या बहिणीच्या लग्नात मेकअप करणाऱ्या बाईंनी ती सुचवली होती आणि नंतर चौदा महिने ती गावातल्या दुकानातून, कोणत्याही चिठ्ठीशिवाय, घेतली जात होती.

या ट्यूबमध्ये तीन औषधे एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिले त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया मंदावते, दुसरे वरच्या थराची कात लवकर टाकायला लावते आणि तिसरे स्टेरॉइड असते. वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे वापरायचे हे औषध आहे आणि त्या मर्यादेत ते उपयोगी पडते, म्हणून मीही ते लिहून देते. घोटाळा स्टेरॉइडच्या पहिल्या परिणामात आहे. स्टेरॉइड लावल्यावर त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बारीकसारीक दाह बसतो, आणि पहिल्या आठ-दहा दिवसांत चेहरा खरोखरच उजळ, गुळगुळीत दिसू लागतो. आरशात दिसलेला तो बदल खोटा नसतो, म्हणूनच मुलीला ट्यूबवर विश्वास बसतो, शेजारणीही विचारू लागतात आणि एका ट्यूबच्या चार होतात. पुढील महिन्यांत त्वचा विरते, रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावतात, मुरूम येतात, लव वाढते, आणि औषध थांबवताच आकुंचन पावलेल्या वाहिन्या दुप्पट फुलतात, त्यामुळे जळजळ इतकी होते की मुलगी रडत पुन्हा तीच ट्यूब लावते. डोळ्यांभोवती ते दीर्घकाळ लावले गेले तर डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, हे तर घरी कोणालाच ठाऊक नसते. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावल्यास याच चेहऱ्यावर निळसर-काळे डाग पडतात आणि ते जवळजवळ जात नाहीत. उजळण्यासाठी घेतलेल्या औषधाने चेहरा काळवंडलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइड औषधे शेड्यूल एचच्या कडक चौकटीत आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही आमच्या तालुक्यात आठवडी बाजाराच्या दिवशी ती मागितली की मिळतात. मेडिकलवाल्यांपैकी कित्येकांशी माझे चांगले संबंध आहेत आणि त्यांच्यापैकी दोघांनी माझ्या सांगण्यावरून ही विक्री बंदही केली, परंतु त्यांच्या सांगण्यानुसार गिऱ्हाईक नाराज होऊन पुढच्या दुकानात जाते आणि पुढचे दुकान ती देते.

त्या दिवशी मी ट्यूब बंद केली आणि पुढे काय होणार, ते आधीच सांगितले, कारण न सांगता बंद केली की रुग्ण परत येत नाही. पहिले तीन आठवडे चेहरा आत्ताहून वाईट दिसेल. सौम्य स्टेरॉइड काही दिवस देऊन ते कमी कमी करीत नेऊ, त्यानंतर स्टेरॉइड नसलेले दाहशामक मलम, पोटातून एक प्रतिजैविक, साधा ओलावा देणारा लेप आणि सनस्क्रीन एवढेच. त्वचा मूळपदावर येण्यास सहा महिने ते वर्ष लागेल. आईने विचारले, “मंग फागुनापर्यंत होईन का?” फाल्गुनात लग्न उरकायचे, असे घरात ठरत होते. मी नाही म्हणाले. या एका शब्दासाठी माझ्यावर रुग्ण गमावण्याची वेळ अनेकदा आली आहे आणि तरीही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला तिच्या रंगाच्या बाबतीत स्पष्ट नकार देणे, हे माझ्या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे, असे मी मनापासून मानते.

आईवर रागावणे सोपे असते आणि पहिली काही वर्षे मी रागावतही असे. नंतर ऐकू लागले. या बाईंनी सांगितले, की थोरलीच्या वेळी मागणी होती त्यापेक्षा धाकटीच्या वेळी पाहुण्यांनी अधिक मागितले आणि त्याचे कारण तोंडावर सांगितले. दोन एकर कोरडवाहू वावर असलेल्या घरात मुलीच्या रंगाचा हिशोब असा थेट पैशांत होतो, तेव्हा ट्यूब ही त्या आईच्या दृष्टीने चैन नसते, तो खर्च कमी करण्याचा प्रयत्न असतो. मी स्वतः सावळी आहे. माझ्या लग्नाआधी आत्याबाईंनी तीन महिने दुधाच्या सायीत हळद कालवून माझ्या तोंडाला लावली होती. त्याने काही अपाय झाला नाही आणि रंगही बदलला नाही, परंतु रोज सकाळी ती वाटी समोर आली की मनात जे होत असे, ते मला अजून आठवते. म्हणून समोरच्या मुलीशी बोलताना मी आईला बाहेर बसवत नाही. दोघींनाही एकाच वेळी ऐकवते.

मी मुलीला बाही वर करायला सांगते आणि दंडाच्या आतील बाजूची त्वचा तिच्या चेहऱ्याशेजारी धरायला लावते. त्या जागी ऊन पोहोचत नाही, म्हणून तो तिचा जन्मजात रंग असतो. चेहऱ्यावरचे ऊन, डाग आणि दाह काढता आले, तर उपचार चेहऱ्याला या रंगापर्यंत आणू शकतात; याच्यापुढे नेण्याचा दावा करणारे कोणतेही मलम, सलाईन किंवा यंत्र एक तर फसवत असते किंवा इजा करीत असते. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो, तो या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य बनवतात आणि ते त्वचेत कसे पसरते, यात. आणि हेच रंगद्रव्य आमच्या भागातील उन्हापासून पेशींच्या केंद्रकांचे रक्षण करते. वैशाख-ज्येष्ठात जिथे पारा ४५ अंशांवर जातो, तिथे हे छत्र काढून घेण्याची मागणी करणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातील माणसाला एकदा सांगितले की पटते. निदान बहुतेकांना पटते.

स्टेरॉइडपेक्षाही अधिक भीती मला दुसऱ्या एका गोष्टीची वाटते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका कुटुंबाची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. जैवतंत्रज्ञान शिकणारी वीस वर्षांची मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींनी स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेले गोरेपणाचे मलम लावले होते, आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा त्या मलमात पारा सापडला. पारा रंगद्रव्य तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतो, म्हणून त्वचा उजळते, परंतु तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत साठतो. लघवीतून प्रथिने वाहून जाऊ लागतात आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली, पायांवर सूज दिसते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनीही अशाच रुग्णांची नोंद केली. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा मलमांत नकळत आलेल्या पाऱ्याचे प्रमाणही दहा लाखांत एक भागापेक्षा अधिक असता कामा नये. पण ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक किंवा घटकांची यादीच नाही, तिला हा नियम कसा लागू करणार? अकोला आमच्यापासून दूर नाही. म्हणून आता कोणी बिननावाची, पांढरी किंवा राखाडी मलमाची डबी घेऊन आले की मी चेहरा पाहण्याआधी लघवीची तपासणी लिहून देते, आणि लघवीला फेस येतो का, हे विचारते. घरातील कोणीही अशी डबी वापरत असेल, तर ती आजच बाजूला ठेवा, फेकू नका, तपासणीसाठी डॉक्टरांकडे न्या.

ज्या मुलींचे लग्न नुकतेच झाले आहे, त्यांच्याविषयी एक गोष्ट वेगळी सांगणे आवश्यक आहे. लग्नापर्यंत सुरू असलेली ट्यूब लग्नानंतरही सुरूच राहते, दिवस राहतात, आणि तेव्हाही ती लावली जाते. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन गरोदरपणात टाळायला हवे. पारा तर गर्भापर्यंत पोहोचतो. मुरमांसाठी पोटातून दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन ही गोळी गर्भात गंभीर व्यंग निर्माण करू शकते, म्हणून विवाहित असो वा नसो, ती सुरू करण्याआधी मी गर्भचाचणी करते आणि औषध थांबवल्यानंतर एक महिना उलटेपर्यंत गर्भधारणा टाळण्यास सांगते. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना हे बोलणे अवघड असते, तरीही बोलावे लागते.

मोठ्या शहरांत आता सलाईनमधून ग्लुटाथिऑन देण्याची पद्धत आहे आणि ती बातमी मोबाइलवरून इकडेही पोहोचली आहे. या औषधाला आपल्याकडे यकृताच्या आजारांसाठी मान्यता आहे, त्वचा उजळण्यासाठी नाही. शिरेतून दिलेल्या औषधाची रिअॅक्शन काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. मी ते देत नाही आणि इतरत्र देणाऱ्यांकडे पाठवतही नाही.

याचा अर्थ तरुण वयात त्वचेवर काहीच करू नये, असा मात्र नाही. उलट काही बाबतींत लवकर न आल्याचे मला वाईट वाटते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या गालांवर आणि पाठीवर गाठीसारखे, पू भरलेले मुरूम असतात आणि घरचे “वय आहे, जाईल आपोआप” म्हणून दोन वर्षे काढतात. वय जाते, खड्डे राहतात. अशा मुलाला वेळेवर दिलेली गोळी हीच पुढच्या सगळ्या महागड्या प्रक्रियांपासून त्याला वाचवते. खड्ड्यांवर सुयांच्या रोलरने किंवा तीव्र आम्लाच्या थेंबाने उपचार होतात, पण मुरूम पूर्ण शांत झाल्यावरच. मुरमांसाठी सॅलिसिलिक आम्लाचा सौम्य पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचा उपचार, मी सोळाव्या वर्षीही करते. मात्र माघ संपला की थांबवते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने लग्नाच्या आठ दिवस आधी, ऐन मेमध्ये, दूरच्या शहरातील एका दवाखान्यात तीव्र पील करून घेतला आणि एसटीने, खिडकीजवळ बसून, गावी परतली. हळदीच्या दिवशी ती माझ्याकडे आली, तेव्हा दोन्ही गालांवर तपकिरी पट्टे उमटले होते. आपल्या त्वचेला इजा झाली की ती काळे डाग टाकूनच बरी होते. हा गुणधर्म माहीत असलेला माणूस त्या महिन्यात तो पील करणार नाही, आणि ज्याने केला त्याने तिच्या परतीच्या प्रवासाविषयी एकही प्रश्न विचारला नसावा. ते डाग जायला तिला पुढची दिवाळी उजाडली.

ओठाच्या वर, हनुवटीवर केस वाढलेल्या मुली लेसरसाठी येतात. मी आधी पाळी नियमित आहे का, वजन वाढले का, मानेवर काळा, मखमलीसारखा जाड पट्टा आला आहे का, हे पाहते. मानेचा तो काळेपणा मळ नसतो; शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसल्याची ती खूण असते, आणि आईने दगडाने घासून घासून मुलीची मान सोलवटलेली मी पाहिली आहे. तिथे साबणापेक्षा साखरेची तपासणी, चालणे आणि आहार यांची गरज असते. केसांसाठी लेसर करायचा झाल्यास सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी अधिक सुरक्षित ठरते, केस कमी होतात पण कायमचे नाहीसे होत नाहीत, आणि चेहऱ्यावर क्वचित लेसरनेच लव वाढते, हे मी पैसे घेण्याआधी सांगते.

मुलेही येतात. सैन्यभरतीच्या एक महिना आधी दंडावरचे किंवा छातीवरचे नाव काढून द्या म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सैन्याच्या नियमानुसार कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला गोंदण चालते, इतरत्र नाही. आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणाला सूट आहे, त्यामुळे आमच्याकडील गोंड आणि कोलाम मुलांनी भीतीपोटी आजीच्या हातचे गोंदण खरवडू नये. लेसरने शाई काढायला सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, एक महिन्यात ते होत नाही. चुना किंवा आम्ल लावून घरी काढण्याचा प्रयत्न केलेले शाईऐवजी जाड व्रण घेऊन मैदानात उतरतात.

सुरकुत्या घालवणारे बोटॉक्स आणि चेहऱ्याला भराव देणारे फिलर या इंजेक्शनांविषयी अठराच्या आतील कोणी अजून माझ्याकडे विचारलेले नाही, पण मोबाइलवरच्या फिल्टरमधला आपला चेहरा दाखवून “असं नाक होईल का” असे विचारणारी दहावीतली मुलगी येऊन गेली आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील व्यक्तीला केवळ सौंदर्यासाठी ही इंजेक्शने देणे हा गुन्हा आहे. माझ्या दवाखान्यापुरता मी हाच नियम ठेवला आहे, आणि त्या मुलीला नाकाऐवजी झोपेविषयी, शाळेविषयी आणि दिवसातून किती वेळा आरसा पाहते याविषयी विचारले. आपल्या शरीरात मोठे व्यंग आहे, असे सतत वाटत राहण्याचा एक मानसिक आजार असतो, तो बहुधा याच वयात सुरू होतो, आणि शस्त्रक्रियेने तो बरा होत नाही. तिला मी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. ती गेली की नाही, ते मला कळलेले नाही.

रोजच्या काळजीचा कागद मी लहान ठेवते: दिवसातून दोनदा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुणे, साधे मॉइश्चरायझर, आणि किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके. वेचणीला जाणाऱ्या मुलीला दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावणे शक्य नाही, हे मला कळते. तिला मी घट्ट विणीच्या सुती दुपट्ट्याचे दोन पदर आणि रुंद काठाची टोपी सांगते. बेसन लावायचे तर खुशाल लावावे. लिंबू लावून उन्हात मात्र जाऊ नये, त्याने त्वचा भाजते. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांची जागा चेहऱ्यावर नाही, आणि मुरूम असलेल्या कपाळावर केसांचे तेल उतरू देऊ नये. व्हिडिओ पाहून मागवलेली रेटिनॉल आणि आम्लांची सीरम बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या दप्तरात सापडू लागली आहेत. त्या वयाच्या त्वचेला त्यांचे काही काम नसते.

त्या मार्गशीर्षातल्या मुलीने पहिले तीन आठवडे फार त्रास सोसला. एका रात्री तिच्या आईचा फोन आला, चेहरा टरारून सुजला होता आणि घरात जुनी अर्धी ट्यूब सापडली होती. लावू का, असे त्या विचारत होत्या. मी थंड पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या आणि सकाळच्या पहिल्या गाडीने बोलावले. त्या आल्या, ट्यूब सोबत घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून गेल्या. फाल्गुनात लग्न झाले नाही. पाहुणे दुसरीकडे गेले आणि वडिलांनी मुलीची परीक्षा होऊ द्यायचे ठरवले. आता हनुवटीवरच्या पुटकुळ्या गेल्या आहेत, गालांचा लालपणा निम्म्यावर आला आहे, रक्तवाहिन्यांची जाळी तशीच आहे आणि चुलीपुढे अजूनही आग होते, म्हणून सध्या पोळ्या आई करते. परवा ती एकटीच आली होती, दुपट्टा खांद्यावर होता. पुढची तपासणी अक्षय तृतीयेनंतर, सकाळी आठच्या आत ठेवली आहे, म्हणजे तिला उन्हात परतावे लागणार नाही.